गाडीतल्या रेक्झिनवरची हट्टी चकाकी: मळ कोणता आणि झीज कोणती हे ओळखून करायची सफाई

गाडी चार-पाच वर्षे वापरात राहिली की तिच्या अंतर्भागातली काही ठिकाणे हमखास तुळतुळीत झालेली दिसतात. चालकाच्या सीटची दरवाजाकडची उंच कड, दरवाजावरचा हात टेकवायचा भाग, दोन सीटांमधल्या कप्प्याचे झाकण आणि काचेच्या बटणांशेजारची पट्टी ही त्यांतली नेहमीची. आजूबाजूचे रेक्झिन, म्हणजेच व्हिनाइल, मंद आणि एकसारखे दिसत असते. तेवढाच तुकडा मात्र तेल चोपडल्यासारखा चमकतो. ओल्या फडक्याने पुसला तर तासभर बरा दिसतो आणि सुकला की पुन्हा होता तसा. अशा वेळी माणूस जोर वाढवतो, अधिक कडक ब्रश घेतो, अधिक जालीम द्रव आणतो, आणि रेक्झिनचे कायमचे नुकसान बहुतेक वेळा इथेच होते.

कारण चमकणारे डाग दिसायला सारखे असले तरी त्यांचे मूळ दोन अगदी वेगळ्या गोष्टींत असते. काही डागांत रेक्झिनवर काहीतरी साचलेले असते आणि काही डागांत रेक्झिनचेच काहीतरी निघून गेलेले असते. साचलेले काढता येते. गेलेले कितीही घासले तरी परत येत नाही, उलट घासण्याने आणखी जाते. म्हणून या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग बादली भरण्याच्या आधीचा आहे, आणि या लेखात त्याला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

चकाकी येते कुठून

गाडीतले रेक्झिन हे थरांचे बनलेले असते. सर्वांत खाली विणलेले कापड, त्यावर पीव्हीसीचा थर, आणि सर्वांत वर अत्यंत पातळ असा पारदर्शक संरक्षक लेप, ज्याला या कामातले लोक टॉपकोट म्हणतात. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ प्लास्टिक आहे. वाल्डो सेमन या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १९२६ साली त्यात विशिष्ट द्रव्ये मिसळून ते मऊ आणि लवचीक करण्याची रीत शोधली, आणि त्यामुळेच ते सीटवर ताणून बसवण्याजोगे झाले. मऊपणा देणाऱ्या या द्रव्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. ती पीव्हीसीशी रासायनिक बंधाने पक्की जोडलेली नसतात, नुसती त्याच्या कणांमध्ये मुरलेली असतात. चुकीच्या द्रवाने ती बाहेर खेचली जातात, आणि पुढे काय टाळायचे याचे बरेचसे कारण या एका गोष्टीत आहे.

आता मंदपणाचे म्हणाल तर तो रंगाचा गुण नसून पोताचा आहे. कारखान्यात रेक्झिनवर चामड्यासारखी कणी उठवलेली असते, तिला ग्रेन म्हणतात. शिवाय टॉपकोटमध्येही प्रकाश विखुरण्यासाठी सिलिकासारखी अतिसूक्ष्म भुकटी मिसळलेली असते. या उंचवट्यांवर आणि खळग्यांवर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून पृष्ठभाग मंद दिसतो. खळगे कशाने भरून निघाले किंवा उंचवटे घासून सपाट झाले, तर दोन्ही प्रकारांत पृष्ठभाग आरशाच्या जवळ जातो आणि चमकू लागतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आणि फसगत होते ती यामुळेच.

खळगे भरणारी वस्तू बहुतेक वेळा आपल्याच अंगावरून आलेली असते. त्वचेचे तेल, घाम, हाताला लावलेले क्रीम, उन्हापासून बचावासाठी लावलेले सनस्क्रीन, केसांचे तेल आणि त्यांत चिकटत गेलेली धूळ यांचा थर महिनोन्महिने दाबला जाऊन इतका घट्ट होतो की तो रेक्झिनचाच भाग वाटतो. दुसरा मोठा पुरवठादार म्हणजे चमक आणण्यासाठी वेळोवेळी लावलेले डॅशबोर्ड पॉलिश. सिलिकॉनयुक्त तेलकट पॉलिश खळग्यांत बसते, धूळ धरते, आणि प्रत्येक नव्या हाताबरोबर थर वाढत जातो.

निदान: विजेरी, पांढरे फडके आणि बोट

गाडी सावलीत उभी करावी आणि आतला भाग हाताला गार लागेपर्यंत थांबावे. एक छोटी विजेरी घेऊन ती डागाशेजारी रेक्झिनला जवळजवळ टेकवून धरावी, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून आडवा जाईल. वरून पाडलेल्या उजेडात न दिसणारे सगळे या आडव्या उजेडात दिसते. प्रथम शेजारच्या चांगल्या भागावर उजेड टाकून कणी नीट पाहून घ्यावी: बारीक फुगीर ठिपके, त्यांच्यामधून धावणाऱ्या काळ्या रेघा, प्रत्येक ठिपक्याची एक बाजू उजळ आणि एक सावलीत. मग विजेरी हळूहळू डागाकडे सरकवावी.

रेघा तशाच आहेत पण राखाडी-तपकिरी काहीतरी भरल्यामुळे उथळ वाटतात, ठिपक्यांचा आकार शाबूत आहे, असे दिसले तर साचलेला मळ आहे. ठिपक्यांचे माथे कापल्यासारखे सपाट दिसत असतील, प्रत्येक माथा स्वतंत्रपणे काचेच्या तुकड्यासारखा चमकत असेल आणि रेघा मात्र स्वच्छ काळ्या असतील, तर ती झीज आहे. पुष्कळदा एकाच डागात दोन्ही असतात; सीटच्या कडेवर तर हे जवळजवळ ठरलेलेच, कारण तिथे चढता-उतरताना कपड्यांचे घर्षणही होते आणि घामही लागतो.

विजेरीनंतर फडके. पांढरे मायक्रोफायबर फडके साध्या पाण्याने ओले करून घट्ट पिळावे, बोटाभोवती गुंडाळावे आणि डागावर वीसेक वेळा हलक्या हाताने फिरवावे. फडक्यावर तपकिरी किंवा राखाडी डाग उतरला तर आशेला जागा आहे. फडक्यावर रेक्झिनचाच रंग उतरला, म्हणजे काळ्या रेक्झिनवरून खराखुरा काळा, बेज रंगावरून बेज, तर टॉपकोट गेलेला आहे आणि खालचा रंग उघडा पडला आहे. अशा ठिकाणी घासण्याचे काम तिथल्या तिथे थांबवावे. काळ्या रेक्झिनवर मळ आणि रंग यांत गल्लत होण्याचा संभव असतो. त्यासाठी तेच फडके शेजारच्या न झिजलेल्या भागावर फिरवून तुलना करावी.

शेवटी बोट. स्वच्छ धुतलेले, कोरडे बोट डागावरून सरकवून पाहावे. घसरट पण सुकेच लागले तर झीज असण्याची शक्यता जास्त. किंचित अडखळत, मेणचट लागले तर तेल आणि मळ. आणि चिकट लागले, पुसल्यावर काही दिवसांत पुन्हा चिकट झाले, तर प्लास्टिसायझर आतून वर येत आहे असे समजावे. उन्हात तापणाऱ्या गाडीत हीच द्रव्ये थोडी थोडी उडून पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला धुरकट पडदा धरतात, आणि तो पडदाही असेल तर तर्काला दुजोरा मिळतो. इथे एक खुलासा हवा: बटणे किंवा कडक प्लास्टिकच्या पट्ट्यांवरचा रबरासारखा मऊ लेप विरघळून चिकट झाला असेल तर ते रेक्झिनचे दुखणे नव्हे, आणि खाली दिलेली रीत त्याला लागू पडत नाही.

सीट चामड्याची आहे की रेक्झिनची, हेही याच वेळी पाहून ठेवावे. चामड्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सीटांतही बसायचा मधला भागच चामड्याचा आणि बाजू, पाठ व दरवाजाचे पॅनेल रेक्झिनचे असणे अगदी सामान्य आहे. सीटच्या मागे किंवा खाली कापलेली कड दिसत असेल तर तिची उलटी बाजू पाहावी. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन, मऊ लव असलेले तंतू दिसले तर चामडे.

लागणारे साहित्य, आणि घरात ठेवायचे साहित्य

फार काही लागत नाही. सात-आठ मायक्रोफायबर फडकी, त्यांतली निदान तीन पांढरी, घोड्याच्या केसांचा किंवा तितकाच मऊ ब्रश, कोपऱ्यांसाठी एक मऊ दातांचा ब्रश, दोन स्प्रे बाटल्या, एक बादली कोमट पाणी, हातमोजे, आणि मऊ ब्रशचे तोंड असलेला व्हॅक्यूम क्लीनर. द्रव म्हणून गाडीच्या अंतर्भागासाठी मिळणारा सौम्य क्लीनर सर्वांत बरा. तो नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा भांडी घासायचा साधा द्रव साबण पुरतो. सर्व कामांसाठीचा तीव्र क्लीनर असेल तर एक भाग क्लीनर आणि दहा भाग पाणी या प्रमाणाने सुरुवात करावी आणि बाटलीवरच्या सूचना वेगळ्या असतील तर त्या पाळाव्यात.

काही वस्तू मात्र गाडीजवळ नेऊच नयेत. नेलपॉलिश रिमूव्हरमधले अॅसिटोन, थिनर आणि पेट्रोल हे टॉपकोट विरघळवतात आणि पीव्हीसी फुगवतात; डाग जातो तो पृष्ठभागासकट. ब्लीचने शिवणीचा धागा कमजोर होतो आणि फिकट रेक्झिन पिवळे पडू शकते. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हे घरगुती उपाय म्हणून फार सुचवले जातात, पण दोन्ही खरवडणारे पदार्थ आहेत, आणि सोड्याची पांढरी पूड काळ्या कणीत अशी बसते की ती काढणे हेच पुढचे काम होऊन बसते.

मेलामाइन स्पंजाबद्दल, ज्याला जादूचा स्पंज म्हणतात, मला स्वतंत्रपणे सांगितलेच पाहिजे. हा पांढरा हलका स्पंज हाताला मऊ लागतो, पण त्याची जाळी कडक असते आणि तो अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखे काम करतो. काळ्या अंतर्भागाच्या एका गाडीच्या आर्मरेस्टवर मी तो जोर लावून वापरला होता. पहिल्या दोन मिनिटांत मळ झरझर निघाला आणि रेक्झिन नव्यासारखे मंद झाले. तिथेच थांबायला हवे होते. उरलेला थोडासा डाग काढण्यासाठी आणखी चार मिनिटे घासले, आणि सुकल्यावर तळहाताएवढा एक नवा, पहिल्यापेक्षा जास्त चमकणारा तुकडा तयार झालेला दिसला. आडव्या उजेडात पाहिले तर कणीचे सगळे माथे सपाट झाले होते. चकाकी काढण्याच्या नादात चकाकी घडवली होती, आणि ती गाडी हातची जाईपर्यंत तशीच राहिली. इतर सगळे उपाय थकल्यावर, भरपूर ओला करून, दाब न देता, चार-पाच हात एवढाच त्याचा उपयोग मी आता मान्य करतो.

सफाईची रीत

आधी कोरडी धूळ काढावी. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने शिवणी, घड्या आणि पॅनेलचे सांधे साफ करावेत. धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ती ओली करून घासली तर ती रेक्झिनलाच घासते. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, तो टाळावा.

त्यानंतर लपलेल्या जागी, म्हणजे सीटच्या मागे खाली किंवा आर्मरेस्टच्या आतल्या बाजूला, तयार केलेला द्रव फडक्यावर घेऊन लावून पाहावा आणि पुसून सुकू द्यावा. रंग उतरला नाही, पृष्ठभाग पांढरट किंवा चिकट झाला नाही, तर पुढे जावे.

काम एका वेळी साधारण वीतभर लांबी-रुंदीच्या तुकड्यावर करावे. द्रव थेट रेक्झिनवर न फवारता ब्रशवर किंवा फडक्यावर फवारावा. काचेच्या बटणांजवळ आणि सीट हलवण्याच्या स्विचजवळ तर हा नियम कधीही मोडू नये, कारण फटीतून उतरलेले पाणी आतल्या संपर्कांपर्यंत जाते. सीटच्या बाजूला एअरबॅगची पट्टी शिवलेली असेल तर तिथल्या शिवणीवर द्रव साचू देऊ नये आणि सीटखालच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये. छिद्रे असलेल्या रेक्झिनवर तर फक्त पिळलेल्या फडक्यानेच काम करावे; छिद्रांतून उतरलेला साबण खालच्या फोममध्ये राहतो आणि पुढे महिनाभर दर उन्हात वर येतो.

ब्रशवर फेस आला की तो डागावर पसरावा आणि सुमारे एक मिनिट थांबावे. या मिनिटात पृष्ठभागावर काही घडताना दिसत नाही, पण खरे काम त्यातच होते: साबणाचे कण तेलाला वेढतात आणि खळग्याच्या भिंतीपासून सोडवतात. हे मिनिट न दिल्यामुळेच लोकांना पुढे जोर लावावा लागतो. मात्र फेस सुकू देऊ नये. सुकू लागला तर थोडा आणखी घ्यावा.

मग ब्रश हलक्या हाताने, लहान लहान वर्तुळांत फिरवावा. दाब इतकाच असावा की ब्रशचे केस वाकणार नाहीत, त्यांची टोके कणीच्या रेघांत उतरतील. केस वाकले की त्यांच्या बाजू माथ्यांवर घासतात आणि टोके रेघांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणजे मळ जिथे आहे तिथे काम होत नाही आणि जिथे नाही तिथे झीज होते. वीस-पंचवीस वर्तुळांनंतर फेस पाहावा. पांढरा फेस तपकिरी झाला, कधी कधी चहाच्या रंगाचा, की मळ सुटू लागला आहे असे समजावे.

तो फेस लगेच कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यावा. पुसण्यापेक्षा टिपणे बरे, कारण पुसताना सुटलेला मळ शेजारच्या खळग्यांत पुन्हा भरला जातो. त्यानंतर साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने दोनदा पुसून साबण काढून टाकावा आणि तिसऱ्या फडक्याने कोरडे करावे. साबण मागे राहिला तर तोच सुकून हलकी चकाकी आणतो, आणि मग माणूस डाग अजून आहे असे समजून पुन्हा घासायला बसतो.

आता पाच-दहा मिनिटे काही करू नये. ओले असताना रेक्झिनची खरी चकाकी कळत नाही, त्यामुळे निकाल पूर्ण सुकल्यावरच कळतो. सुकल्यावर विजेरी पुन्हा आडवी धरावी. रेघा पूर्वीपेक्षा खोल दिसत असतील तर तीच फेरी दुसऱ्यांदा करावी, मग तिसऱ्यांदा. हलक्या हाताच्या तीन फेऱ्या एका जोरकस फेरीपेक्षा नेहमी जास्त मळ काढतात आणि कमी नुकसान करतात. प्रत्येक फेरीचे फडके बाजूला मांडून ठेवावे. पहिले तपकिरी, दुसरे फिके, तिसरे जवळजवळ पांढरे, असा क्रम दिसला की मळ संपत आला. फडके पांढरे येत आहे आणि चकाकी मात्र कायम आहे, ही थांबायची खूण आहे. तिथून पुढे जे काही निघेल ते रेक्झिनचे असेल.

साबणाला न जुमानणारे थर

जुन्या सिलिकॉन पॉलिशचा थर पाण्याला अडवतो, त्यामुळे फेस त्यावर पसरण्याऐवजी थेंब-थेंब होऊन गोळा होतो. हे दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोलची मदत घ्यावी लागते. ७० टक्क्यांचे एक भाग अल्कोहोल आणि दोन भाग पाणी असे मिश्रण करावे, फडक्यावर घ्यावे, दोन-तीन हात फिरवावे आणि लगेच साध्या पाण्याच्या फडक्याने पुसावे. त्या जागी द्रव थांबू देऊ नये. अल्कोहोल टॉपकोटलाही थोडे मऊ करते आणि वारंवार वापरले तर प्लास्टिसायझर बाहेर ओढते, म्हणून हा एकदा करायचा उपाय आहे, दर महिन्याचा नव्हे. दरवाजे उघडे ठेवावेत आणि जवळपास ज्वाला नसावी. हात निर्जंतुक करण्याचे जेल वारंवार लागणाऱ्या जागी, म्हणजे स्टिअरिंग आणि दरवाजाच्या कडीजवळ, रेक्झिन लवकर विटते ते याच कारणाने.

सनस्क्रीनचे डाग मुदत न देता काढावेत. ते तेलात बांधलेले असते आणि तापलेल्या रेक्झिनमध्ये मुरते. बोटांच्या आकाराचे चमकदार ठसे दरवाजावर दिसले तर बहुधा तेच. कोमट साबणपाण्याच्या चार-पाच सौम्य फेऱ्या द्याव्यात. डास पळवणाऱ्या औषधातले डीट हे द्रव्य याहून वाईट, कारण ते रेक्झिनसारख्या प्लास्टिकवर द्रावकासारखे काम करते. तिथला चमकणारा ठसा हा विरघळून पुन्हा बसलेला पृष्ठभाग असू शकतो, आणि तो सफाईच्या पलीकडचा असतो.

फिकट सीटवर चकाकीबरोबर निळसर छटा असेल तर ती जीन्सच्या रंगाची असते. ताजी असताना ती साबणाने निघते; जुनी झाली की प्लास्टिसायझरबरोबर रंग रेक्झिनच्या आत उतरतो आणि मग वरून केलेला कोणताही उपाय अपुरा पडतो.

चिकट चकाकीला मात्र ठोस औषध नाही. सौम्य साबणाने वरचा थर काढत राहावे, गाडी सावलीत ठेवावी आणि तेलकट पॉलिश पूर्ण बंद करावे. काही महिन्यांत रेक्झिन कडक होऊन चिरू लागले तर तो तुकडा बदलणेच योग्य.

झीज असेल तर

इथे मनाशी स्पष्ट असावे की सपाट झालेली कणी कोणत्याही द्रवाने उठत नाही. गरम हवा देऊन पोत परत आणण्याची रीत आहे, आणि दुरुस्तीचे काम करणारे लोक उष्णतेबरोबर कणीचा साचा दाबून ती वापरतातही. पण साचा नसताना नुसता हेअर ड्रायर किंवा हीट गन फिरवली तर उरलेली कणीही बसते. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास लक्षणीय मऊ पडते, आणि हीट गन त्याच्या कितीतरी पुढे जाते. वाफेच्या यंत्राबाबतही हीच काळजी घ्यावी: जवळ धरून एका जागी थांबू नये.

थोडीशी झीज असेल, रंग शाबूत असेल, तर सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे संपूर्ण पॅनेलवर पाण्याचा आधार असलेले मॅट संरक्षक द्रव पातळ लावणे. त्याने डाग जात नाही, पण डाग आणि भोवतालचा भाग यांतला फरक कमी होतो, आणि डोळ्याला खटकतो तो फरकच. द्रव फोमच्या तुकड्यावर घेऊन लावावे, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने उरलेले सगळे टिपून घ्यावे. स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि पेडल यांवर असे काहीही लावू नये. हात किंवा पाय घसरणे हा दिसण्याचा प्रश्न नाही.

रंगच गेला असेल तर रेक्झिनसाठीचा लवचीक रंग आणि त्यावर मॅट टॉपकोट हा उपाय आहे. हे काम घरी जमते, पण घाईने जमत नाही. वरची सगळी सफाई आधी पूर्ण झालेली असावी, आणि शेवटी अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने एकदा पुसून तेलाचा अंश काढावा. रंग सोलून निघतो तो जवळजवळ नेहमी खाली राहिलेल्या तेलामुळे किंवा सिलिकॉनमुळे. पॅनेल शिवणीपासून शिवणीपर्यंत आखून, बाकी भाग चिकटपट्टीने झाकावा, कारण मधेच संपणारी रंगाची कड कितीही मिसळली तरी दिसते. रंगछटा लपलेल्या जागी लावून, सुकवून, दिवसाच्या उजेडात जुळवून पाहावी; ओला रंग आणि सुकलेला रंग सारखे दिसत नाहीत.

रंग फोमच्या तुकड्यावर थोडासा घेऊन टिपत टिपत लावावा, ओढू नये. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा डाग त्यातून स्पष्ट दिसत राहील. तो पाहून निराशा वाटते आणि जाड थर द्यावासा वाटतो; तसे केले तर रंग रेघांत साचतो, कणी भरते आणि आपण जिथून निघालो त्याच गुळगुळीत पृष्ठभागावर परत येतो. तीन-चार पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात स्पर्शाला पूर्ण सुकू द्यावा, आणि शेवटी मॅट टॉपकोटचे दोन पातळ हात द्यावेत. टॉपकोटची बाटली वापरण्यापूर्वी नीट हलवावी. मंदपणा आणणारी भुकटी तळाशी बसते, आणि न हलवता वरचाच द्रव वापरला तर सगळे पॅनेल चमकदार होते. निदान २४ तास त्या जागेवर बसू किंवा टेकू नये. पूर्ण मजबुतीला आणखी काही दिवस लागतात, आणि नेमका काळ त्या उत्पादनाच्या सूचनांत दिलेला असतो. एअरबॅगच्या शिवणीवर रंग किंवा टॉपकोट देऊ नये. ती शिवण ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जोराने उसवली पाहिजे.

स्टिअरिंगची झीज मी घरी रंगवण्याचा सल्ला देत नाही. तिथे सतत घाम, उष्णता आणि घर्षण एकत्र असते, घरचा लेप बहुधा सोलतो, आणि सोललेला लेप हाताखाली सरकतो. ते काम या विषयातल्या कारागिराकडे द्यावे किंवा नवे आवरण शिवून घ्यावे.

नंतरची निगा

ज्या जागा एकदा साफ झाल्या त्या पंधरा दिवसांतून एकदा नुसत्या पाण्याने पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसाव्यात आणि कोरड्या कराव्यात. तेलाचा थर कोवळा असताना पाण्याच्या फडक्यालाही निघतो. तो दाबला जाऊन घट्ट झाल्यावरच साबण, ब्रश आणि तासभराचे काम मागतो. साबणाची फेरी दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. संरक्षक द्रव घेताना त्यात अतिनील किरणांपासून संरक्षण आहे आणि सुकल्यावर मंद दिसते, एवढ्या दोन गोष्टी पाहाव्यात. लावल्यावर बोटाला ओशट लागले तर ते धूळ धरणार, हे नक्की.

उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, आणि रेक्झिनमधले प्लास्टिसायझर सर्वांत जास्त अशाच वेळी बाहेर पडतात. पुढच्या काचेवर पडदा लावणे हा या सगळ्यांतला सर्वांत स्वस्त उपाय आहे. हाताला क्रीम किंवा सनस्क्रीन लावले असेल तर ते मुरल्यावरच दरवाजाला हात लावावा. सीटच्या कडेसाठी मात्र सवयच बदलावी लागते: कडेवर घासत आत सरकण्याऐवजी आधी सीटच्या मध्यभागी बसून मग पाय आत घ्यावेत. पँटच्या मागच्या खिशात किल्ली किंवा जाड पाकीट असेल तर ते बसण्यापूर्वी काढावे, कारण कापडाखालचा तो टणक कोपरा दर वेळी कणीच्या त्याच माथ्यांवर दाबला जातो.

पहिल्या सफाईनंतर विजेरी आडवी धरून डागाचा एक फोटो काढून ठेवावा आणि सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच कोनातून दुसरा काढावा. रेघा भरल्या असतील तर अधिक वेळा पुसावे. माथे अधिक सपाट झाले असतील तर त्या जागेवर ब्रश फिरवणे बंद करून फक्त ओले फडके वापरावे.